महाविद्यालयातील मदतीची दारे : आपल्या मुलांना ती ठाऊक आहेत का?

जून महिना उजाडला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील आपल्या कुटुंबांत एकच विषय चर्चिला जातो. कोणत्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, शुल्क किती, कोणती लोकल सोयीची. प्रवेश निश्चित झाला की आई-वडील सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकमेकांचे अभिनंदन होते. पुढील काही वर्षे मात्र त्या मुलाच्या वा मुलीच्या मनात काय चालले आहे, याची विचारपूस क्वचितच होते. अभ्यास कसा चालला आहे, एवढेच आपण विचारतो आणि ‘ठीक’ या एका शब्दावर समाधान मानतो.

या ‘ठीक’मागे पुष्कळ काही दडलेले असू शकते. न समजणारा अभ्यासक्रम, थकलेले शुल्क, तुटलेली मैत्री, वसतिगृहात वा वर्गात होणारी छळवणूक, घरातील व्यसनाधीनता, आणि काही वेळा खराखुरा मानसिक आजार. अशा प्रसंगी महाविद्यालयाच्या आवारात कोणती मदत उपलब्ध असते, ती कशी मागावी आणि आपण पालक व धर्मग्रामस्थ म्हणून काय करू शकतो, हे समजावून देण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

वस्तुस्थिती काय सांगते

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. त्याच वर्षी परीक्षेतील अपयश हे कारण नोंदविले गेलेले मृत्यू २,२४८ होते. म्हणजेच, ‘परीक्षेची भीती’ एवढ्या एकाच उत्तराने हा प्रश्न उलगडत नाही. एखाद्या तरुण जीवावर अनेक ओझी एकाच वेळी पडतात आणि त्यांपैकी बहुतेक ओझी आपल्याला बाहेरून दिसत नाहीत. या आकड्यांत एक आशेची बाजूही आहे. वेळेवर कोणी ऐकून घेतले, योग्य उपचार मिळाले, तर यांतील कितीतरी जीव वाचू शकतात.

आपल्या शहरांचे वेगळेपण

उल्हासनगर हे विस्थापितांनी वसविलेले शहर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही येथील माणूस आपला पत्ता ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतो. सर्वस्व गमावून आलेल्या त्या समाजाने दुकानांच्या जोडीने शिक्षणसंस्था उभ्या केल्या. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाचे सी. एच. एम. महाविद्यालय येथे १९६५ साली सुरू झाले. त्यानंतरच्या काळात अंबरनाथ व बदलापूर येथेही महाविद्यालये निघाली आणि गावाकडून पोटापाण्यासाठी येथे येऊन स्थिरावलेल्या आपल्यासारख्या अनेक कुटुंबांतील पहिली पदवीधर पिढी त्यांतून बाहेर पडली.

या महाविद्यालयांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. येथील बहुतेक विद्यार्थी वसतिगृहात राहत नाहीत. ते सकाळी येतात आणि तास संपले की घराकडे, शिकवणीकडे किंवा अर्धवेळ नोकरीकडे धाव घेतात. जे मुंबईतील महाविद्यालयांत शिकतात त्यांची तर कथाच वेगळी. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. रोज जाता-येता तीन तासांहून अधिक वेळ गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने काढणाऱ्या मुलाची झोप आणि भूक बिघडली, तर त्यात नवल नाही. घरी आल्यावर एका खोलीत पाच माणसे आणि दूरदर्शन संच. मन मोकळे करायला ना जागा, ना निवांतपणा. म्हणूनच आपल्या मुलांसाठी महाविद्यालयातील ते चार-पाच तास महत्त्वाचे ठरतात. मदतीचे दार त्या वेळात उघडे असावे आणि ते कोठे आहे हे मुलांना माहीत असावे.

आवारात कोणती मदत असते

समुपदेशक : सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी एक महत्त्वाचा निर्णय दिला. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूप्रकरणी तिच्या पित्याने न्याय मागितला होता. त्या निमित्ताने न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे या सर्वांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. त्यांनुसार १०० वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवले पाहिजेत. मदतवाणीचे क्रमांक वर्गांत, वसतिगृहात आणि संकेतस्थळावर ठळकपणे लावले पाहिजेत. अध्यापक व कर्मचारी यांना वर्षातून किमान दोन वेळा प्रशिक्षण दिले पाहिजे. गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडून त्यांना जाहीरपणे कमी लेखू नये, असेही न्यायालयाने बजावले आहे. आपले मूल ज्या शिकवणी वर्गाला जाते, तेथेही हे नियम लागू आहेत, हे पालकांनी विसरू नये.

तक्रार निवारण समिती : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. प्रवेश, शुल्क, कागदपत्रे अडवून ठेवणे, निकाल, शिष्यवृत्ती अशा बाबींची तक्रार तेथे करता येते. समितीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

रॅगिंगविरोधी व्यवस्था : महाराष्ट्राने १९९९ सालीच रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती व पथक आवश्यक आहे. आयोगाची देशव्यापी मदतवाणी १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर आहे.

अंतर्गत समिती : लैंगिक छळाची तक्रार या समितीकडे लेखी स्वरूपात, सर्वसाधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. योग्य कारण असल्यास ही मुदत वाढविता येते. अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्यामुळे त्यांच्या बाबतीत २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो आणि अशी घटना समजल्यास पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्य ठरते. बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराची बातमी कळल्यावर पालक रेल्वेमार्गावर उतरले होते, हे आपण सर्वांनी पाहिले. तक्रार ऐकणारी यंत्रणा संस्थेत जिवंत असणे किती गरजेचे आहे, हे त्या दिवशी आपल्या शहराला कळून चुकले.

अभ्यासातील सवलती : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार हे दोन्ही त्यात येतात. वाचन-लेखनाची अडचण असलेल्या विद्यार्थ्याला रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारखी सवलत मिळू शकते. ‘आळशी’ म्हणून वर्षानुवर्षे बोलणी खाणारे एखादे मूल वास्तविक या अडचणीशी झगडत असते.

समुपदेशकाकडे गेल्यावर काय होते

समजा, बदलापूरला राहणारी आणि वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी आहे. दोन महिन्यांपासून तिला रात्री झोप लागत नाही, वर्गात लक्ष लागत नाही, उपस्थिती घटली आहे. ती समुपदेशकाकडे जाते. तेथे तिला कोणी रागावत नाही, उपदेशही करीत नाही. पहिल्या भेटीत बहुधा ऐकण्याचेच काम होते. झोप, आहार, घर, मैत्री, अभ्यास यांविषयी प्रश्न विचारले जातात. नंतरच्या भेटींत अडचणींची उकल करून एकेक पाऊल ठरविले जाते. उपस्थितीबाबत प्राध्यापकांशी बोलणे, वेळापत्रक बसविणे, आवश्यक वाटल्यास डॉक्टरांकडे पाठविणे, असे हे काम चालते.

येथे तीन शब्दांतील फरक समजून घ्यावा. समुपदेशक बोलण्यातून मदत करतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रीय चाचण्या व मनोपचार करतो. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी असलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे देऊ शकतो. साध्या चिंतेसाठी समुपदेशक पुरेसा असतो. तीव्र नैराश्य, भास होणे, जीव नकोसा वाटणे अशा स्थितीत मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक असते.

मुलांना सर्वांत मोठी धास्ती असते ती बोभाटा होण्याची. ‘घरी कळवतील का? वर्गात कळेल का?’ समुपदेशनातील संभाषण गोपनीय ठेवणे हा या व्यवसायाचा मूलभूत नियम आहे. जिवाला धोका असल्यास किंवा अल्पवयीन मुलावर अत्याचार होत असल्यास मात्र त्याला अपवाद करावा लागतो, आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक नागरिकाला शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेणे व उपचार करणे ही शासनाची जबाबदारी मानली आहे. पोलिसांच्या भीतीने अशा मुलाला रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये.

महाविद्यालय बंद असेल, रात्र झाली असेल, तर केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच आपल्या मुलांच्या भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

श्रद्धा आणि उपचार

आपल्या भाविकांच्या मनात एक शंका वारंवार डोकावते : ‘माझी श्रद्धा कमी पडली म्हणून का माझ्या मुलाला हे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्रातच आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा अरण्यात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. हा तोच एलिया, ज्याने नुकताच कार्मेल डोंगरावर देवाच्या नावाने विजय मिळविला होता. परमेश्वर त्याला दोष देत नाही. देवदूत त्याला दोन वेळा उठवून भाकर आणि पाणी देतो, त्याला झोपू देतो आणि पुढचा प्रवास तुला झेपणार नाही म्हणून खाऊन घे, असे सांगतो. देवाची वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर, होरेब डोंगरावर. थकलेल्या माणसाच्या देहाची आणि मनाची काळजी घेणे हे देवाचेच काम आहे, ही शिकवण त्यात आहे.

प्रायश्चित्त संस्कार आत्म्याला शांती व क्षमा देतो, परंतु तो समुपदेशनाची जागा घेत नाही. आजार हे पाप नसते, आणि जे पाप नाही त्याची क्षमा मागून मुलाला अधिकच अपराधी वाटते. तसेच, प्रार्थनासभेला जाऊन आल्यावर बरे वाटू लागले म्हणून मानसोपचाराच्या गोळ्या एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. मधुमेहाचा रुग्ण रुग्णाभ्यंग संस्कार घेतो म्हणून इन्सुलिन सोडत नाही. मनाच्या आजाराला हाच न्याय लावावा. औषध कमी करावयाचे की थांबवावयाचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

ज्या कुटुंबांनी आपले मूल आत्महत्येत गमावले आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. जीवन ही देवाची देणगी आहे आणि आपण तिचे केवळ कारभारी आहोत, ही ख्रिस्तसभेची शिकवण कायम आहे. त्याचबरोबर १९९२ च्या श्रद्धाशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभेने स्पष्ट केले आहे की गंभीर मानसिक व्यथा, तीव्र भीती वा यातना यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, तिच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा तिच्यासाठी प्रार्थना करते. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेत ती राहिलेली नाही. म्हणून अशा घरी जाताना कुजबुज करू नये. नेहमीच्या दुःखात जसे आपण शेजारी जाऊन बसतो, जेवणाचा डबा नेतो, तसेच तेथेही जावे.

पालकांनी काय करावे

झोप व भूक एकाएकी बदलणे, मित्रांना टाळणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, आपल्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी तुम्हाला भारच आहे’ असे बोलणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसल्यास थेट विचारावे : ‘तुला जगणे नकोसे वाटते का?’ असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा गैरसमज आहे. उलट, कोणीतरी विचारले याने मुलाला धीर येतो. उत्तर ‘होय’ आले तर त्याला एकटे सोडू नये, वाद घालू नये, शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. १४४१६ वर दूरध्वनी करावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक आहे.

संकट येण्याआधी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. प्रवेशाच्या वेळी शुल्काची पावती घेताना महाविद्यालयात समुपदेशक कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी व कोणत्या खोलीत भेटतात, हे विचारून घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर प्राचार्यांना नम्रपणे लेखी विचारावे. अनेक पालकांनी विचारले तर कागदावरची व्यवस्था प्रत्यक्षात येते. एखाद्या विषयात मूल नापास झाले, तर त्या रात्री जेवणाच्या ताटावर त्याचा हिशेब मागू नये.

धर्मग्रामाचे कर्तव्य

दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यात एक बारकावा आहे. त्या प्रवाशाने जखमी माणसाला मलमपट्टी केली, आपल्या जनावरावर बसविले आणि उतारशाळेत नेऊन तेथील मालकाच्या हवाली केले, खर्चही दिला आणि पुन्हा येईन असे सांगितले. सर्व काही आपणच करावे असा हट्ट त्याने धरला नाही. आपल्या धर्मग्रामांनीही हेच करावे. धर्मगुरू व धर्मभगिनी प्रथम ऐकून घेतील, तज्ज्ञांकडे पाठवतील आणि नंतरही विचारपूस करीत राहतील.

त्यासाठी काही गोष्टी या वर्षीच करता येतील. चर्चच्या सूचनाफलकावर १४४१६, १०९८ आणि रॅगिंगविरोधी मदतवाणीचे क्रमांक कायमचे लावावेत. युवा समितीने आपल्या परिसरातील प्रत्येक महाविद्यालयातील समुपदेशकांच्या वेळा जमवून एक यादी तयार करावी. जेथे घरात अभ्यासाला जागा नाही, अशा मुलांसाठी चर्चचे सभागृह परीक्षेच्या दिवसांत सायंकाळी उघडे ठेवावे. शुल्कासाठी अडलेल्या विद्यार्थ्यांची विचारपूस संत विन्सेंट डी पॉल सोसायटीने गुप्तपणे करावी. लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत निवृत्त शिक्षक, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते यांना बोलवावे. आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत शारीरिक आजाऱ्यांबरोबर मनाने आजारी असलेल्यांचाही उल्लेख व्हावा. आपल्या वेदनेचे नाव चर्चमध्ये उघडपणे घेतले जाते, हे मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या तरुणाने ऐकले, तर मदत मागण्याची त्याची लाज थोडी कमी होईल.

उल्हासनगर वसविणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न मुलांना शिकायला जागा कोठे मिळणार हा होता आणि त्यांनी तो सोडविला. आज जागा आहे, इमारती आहेत, नियमही झाले आहेत. आपल्या मुलांना त्या नियमांचा लाभ मिळतो की नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर घरी जाताना आपल्या महाविद्यालयीन मुला-मुलीबरोबर थोडे अंतर पायी चालावे, अभ्यासाखेरीज काही विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे. एलियाला भाकर देणारा परमेश्वर आपल्या तरुणांना बळ देवो आणि त्यांची हाक ऐकण्याचे कान आपल्याला देवो, हीच आमची प्रार्थना.